अभ्यासिकेतला रास्पबेरी पाय आणि पाडलेला मेन स्विच

प्रश्न विचारणारे भाऊ यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका चालवतात. त्यांच्याकडे १ जीबी रॅमचा रास्पबेरी पाय ३ (तळहाताएवढा छोटा संगणक, पुढे त्याला नुसतं ‘पाय’ म्हणू), एक जुना मॉनिटर आणि त्याची सिस्टीम व फाइल ज्यावर राहतात ते १६ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड आहे. जुन्या प्रश्नपत्रिका आणि नोट्स पोरांना वाचता याव्यात एवढीच त्यांची गरज. नेहमीची रास्पबेरी पाय ओएस (पाय चालवणारी मूळ सिस्टीम) टाकली तर ब्राउझर उघडताच मशीन अडकतं, आणि उन्हाळ्यापासून दोनदा कार्ड गेलं. रिस्क ओएस नावाची सिस्टीम काही सेकंदांत सुरू होते असं त्यांनी ऐकलं आहे. ती टाकावी का, की दुसरी एखादी हलकी सिस्टीम घ्यावी, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, आधी कार्डाचं बोलू. मशीन हळू चालतं हे पोरं सहन करतात. पण सकाळी अभ्यासिका उघडली आणि पडदा काळाच राहिला, असं दोन-तीनदा झालं की त्यांचा त्यावरचा भरवसा उडतो आणि पाय कपाटात जातो. वर्धा जिल्ह्यात मी बरीच वर्षं असे छोटे संगणक वाचनालयांत, शाळांत, एक-दोन कृषी केंद्रांत बसवतो आहे. त्यांतले जे बंद पडले ते बहुतेक कार्डापायी पडले. हळू चालतो म्हणून कोणी पाय परत आणून दिल्याचं मला आठवत नाही.

सेलू तालुक्यातल्या एका ‘ड’ वर्ग, म्हणजे सर्वांत लहान दर्जाच्या, वाचनालयात एका उन्हाळ्यात माझी तीन कार्डं गेली. पहिलं गेलं तेव्हा वाटलं, कार्डच हलकं निघालं. महागाचं आणलं, तेही गेलं. मग लाईन जाण्यामुळे होत असेल म्हणून छोटा यूपीएस लावला. तिसरंही गेलं. शेवटी एक दिवस मी सकाळपासून तिथेच बसून राहिलो. दिवसभरात लाईन दोनदा गेली, यूपीएसने ती निभावून नेली. संध्याकाळी सहा वाजता ग्रंथपाल ताईंनी खिडक्या लावल्या, कुलर बंद केला, यूपीएसचं बटण दाबलं, मेन स्विच पाडला आणि दाराला कुलूप घातलं. रोजचंच काम, रोजच्याच सवयीने. पाय त्या वेळी चालू होता, आणि तो आधी बंद करायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यांना मी काही बोललो नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. आत भिंतीला टेकलेली पुस्तकांची कपाटं, वर टिना, जुनी वायरिंग. मेन पाडून घरी जाणं ही चांगली सवय आहे, आणि एका संगणकासाठी ती मोडायला सांगणं मला पटलं नाही. त्या संध्याकाळी माझ्या कामाची रीत बदलली. तेव्हापासून गावात बसवायच्या कुठल्याही सिस्टीमबद्दल पहिला प्रश्न मी हाच विचारतो, की न सांगता लाईन काढली तर कार्डाचं काय होतं? ती रॅम किती खाते हे मी त्यानंतर बघतो.

कार्ड का जातं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लागेल. मायक्रोएसडी कार्डावरून वाचल्याने त्याला सहसा काही होत नाही. धोका लिहिण्यात आहे. तुम्हाला चार केबीच लिहायचे असले तरी कार्डाच्या आतल्या कंट्रोलरला एक मोठा ठोकळा हलवावा लागतो. तो नव्या जागी लिहायचा, जुना पुसायचा, आणि कुठला डेटा कुठे ठेवला याची स्वतःची यादी बदलायची. नेमक्या त्या क्षणी लाईन गेली तर लिहिली जात असलेली फाइल तर जातेच, पण शेजारची, महिनोन्‌महिने हात न लावलेली फाइलही खराब होऊ शकते. फाइलसिस्टीमची जर्नल (अर्धवट लिहिणं सावरायला ठेवलेली नोंदवही) इथे पुरेशी पडत नाही, कारण बिघाड तिच्याही खालच्या थरात झालेला असतो. आणि नेहमीची डेस्कटॉप सिस्टीम सतत काहीतरी लिहीत असते: लॉग (सिस्टीमच्या नोंदी), ब्राउझरचा साठा, स्वॅप (रॅम कमी पडली की कार्डावर घेतलेली जागा). तुम्ही चहाला गेलात तरी तिचं लिहिणं चालूच. म्हणजे तुमची दोन कार्डं नशिबाने गेलेली नाहीत. लाईन वारंवार जाते आणि कार्डावर सतत लिहिलं जातं, मग कधी ना कधी दोन्ही एकाच क्षणी जुळणारच.

म्हणून तुमच्या कामाला हलकी सिस्टीम म्हणजे कार्डावर जवळजवळ न लिहिणारी सिस्टीम, एवढंच मी म्हणेन.

आता रिस्क ओएस. ती आवर्जून बघा, पण वेगळ्या कार्डावर, आणि अभ्यासिकेच्या कामासाठी नको. ही सिस्टीम इंग्लंडातल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८७ मध्ये आपल्या आर्किमिडीज संगणकासाठी काढली. तिचं सुरुवातीचं नाव आर्थर. त्याच कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एआरएम ही चिप घडवली. पहिली चिप २६ एप्रिल १९८५ रोजी चालू झाली. आज तुमच्या अभ्यासिकेतल्या प्रत्येक पोराच्या खिशातला फोन त्याच घराण्याच्या चिपवर चालतो आणि पायसुद्धा. म्हणजे रिस्क ओएस पायवर चालवताना ती आपल्या माहेरीच आलेली असते. पुढे २०१८ मध्ये ती अपाची परवान्याखाली खुली झाली, त्यामुळे वापरायला, वाटायला कसलीच अडचण नाही. जुनं २ जीबीचं कार्डही तिला पुरतं.

तिचा वेग खरोखर थक्क करतो. त्याचं कारणही साधं आहे. ती लिहिली गेली तेव्हा आर्किमिडीजमध्ये अर्धा-एक एमबी रॅम असायची. तेवढ्यात सगळं बसवायचं म्हणून तिचा गाभा फार नेटका ठेवलेला आहे, आणि आजच्या १ जीबीमध्ये तिला ऐसपैस वाटतं. पण वापरायची पद्धत वेगळी आहे. माउसला तीन बटणं लागतात आणि मधलं, म्हणजे चाकाचं बटण दाबल्याशिवाय मेनू उघडत नाही. मी पहिल्यांदा लावली तेव्हा अर्धा तास मेनू शोधत होतो. फाइल सेव्ह करायची तर तिचं चित्र उचलून फोल्डरच्या खिडकीत टाकावं लागतं. एफ १२ दाबलं की आदेशाची ओळ येते.

अभ्यासिकेला ती नको म्हणतो त्याची मुख्य कारणं दोन. पहिलं आणि मोठं कारण म्हणजे मराठी. देवनागरीत काना-मात्रा आणि जोडाक्षरं योग्य जागी जुळवून दाखवणारी एक यंत्रणा लागते. लिनक्समध्ये (तुमची रास्पबेरी पाय ओएस त्याच घराण्यातली) ती पक्की बसलेली आहे, रिस्क ओएसमध्ये नाही. ‘क्षेत्रफळ’ हा शब्दही नीट दिसणार नसेल तर आपल्या पोरांना तिचा काय उपयोग? दुसरं, तिथे प्रोग्राम एकमेकांना स्वखुशीने वाट देतात, सिस्टीम जबरदस्तीने वेळ वाटून देत नाही. म्हणून एक प्रोग्राम अडकला की सगळंच अडकतं. पायचे चार कोअर असले तरी काम एकच करतो. वायफायची सोयही तिच्यात फार उशिरा आली, म्हणून पहिल्या दिवशी नेटवर्कची केबलच लावा.

मग तुमच्या कामाला काय? माझं उत्तर अल्पाइन लिनक्स ही लहानशी लिनक्स सिस्टीम, तिच्या डिस्कलेस पद्धतीत. ही सिस्टीम सुरू होताना कार्डावरून सगळं रॅममध्ये उचलते आणि नंतर रॅममधूनच चालते. कार्ड फक्त वाचण्यापुरतं जोडलेलं राहतं. लॉग रॅममध्ये, तात्पुरत्या फाइल रॅममध्ये. लाईन गेली की ते सगळं विरून जातं, आणि लाईन आली की काल जसं होतं तसंच मशीन पुन्हा उभं राहतं. पडदा-माउस न जोडता ती माझ्याकडे १०० एमबीच्या आसपास रॅम घेते. १ जीबीच्या पायला तेवढं काहीच नाही.

बसवणं सोपं आहे. कार्डाचे दोन भाग करा. पहिला २ जीबीचा, फॅट३२ (विंडोजलाही वाचता येणारी फाइलींची मांडणी). त्यात रास्पबेरी पायसाठीची अल्पाइनची संकुचित फाइल सोडवून ठेवली की झालं. वेगळं इमेज लिहायचं साधन लागत नाही. पाय ३ ला ६४ बिटांची आवृत्ती चालते. पहिला पाय किंवा जुना झीरो असेल तर ‘एआरएमएचएफ’ नावाचीच घ्या, दुसरी सुरूच होणार नाही. दुसरा भाग ईएक्सटी४ (लिनक्सची स्वतःची मांडणी), उरलेल्या सगळ्या जागेचा. त्यात तुमच्या प्रश्नपत्रिका आणि नोट्स. हा भाग फॅट३२ ठेवू नका, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि विश्वकोशासारखी मोठी फाइल ठेवायची वेळ आली की अडचण होते. हा दुसरा भागही फक्त वाचण्यासाठीच जोडा. नवीन प्रश्नपत्रिका टाकायची असेल त्या दिवशी पाच मिनिटं लिहिण्यासाठी उघडायचा, फाइल टाकायची, पुन्हा बंद. आम्ही हे काम सकाळच्या वेळी करतो. तेव्हा लाईन स्थिर असते आणि डोकंही.

पायला मॉनिटर-कीबोर्ड लावून ‘रूट’ नावाने आत जा, पासवर्ड नसतो, आणि ‘सेटअप-अल्पाइन’ चालवा. ते एकेक प्रश्न विचारत जातं. सेटिंग कुठे जपायच्या असं विचारलं की कार्डाचा पहिला भाग सांगा. पॅकेजचा, म्हणजे उतरवलेल्या प्रोग्रामांचा, साठाही तिथेच ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी इंटरनेटशिवाय सुरू होताना तुम्ही टाकलेले प्रोग्राम गायब असतील.

इथे एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. या पद्धतीत बदल आपोआप जपले जात नाहीत. काही बदललं की ‘एलबीयू कमिट’ हा आदेश द्यावाच लागतो, तेव्हाच त्या सेटिंग कार्डावर लिहिल्या जातात. आणि हा आदेश मुळात ‘ईटीसी’ या फोल्डरमधलंच जपतो. तुम्ही घरच्या फोल्डरमध्ये काही लिहून ठेवलं असेल तर ते ‘एलबीयू इन्क्लूड’ने आधी यादीत घालावं लागतं. आर्वीच्या बाजूला एका शाळेतल्या सरांनी दोन दिवस खपून मुख्य पान तयार केलं, कमिटही केलं, आणि दुसऱ्या दिवशी पान नव्हतं. फोल्डर यादीत नव्हतं, एवढंच कारण. सरांचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून मी कोणालाही सिस्टीम देताना ‘एलबीयू स्टेटस’ आधी शिकवतो. काय जपायचं राहिलं आहे ते तो सांगतो.

या पद्धतीचा आणखी एक फायदा गावात फार मोलाचा आहे. तुमच्या सगळ्या सेटिंग एका छोट्या संकुचित फाइलमध्ये मावतात. ती कार्डाच्या पहिल्या भागात पडलेली असते आणि कोणत्याही संगणकावर दिसते. ते कार्ड जसंच्या तसं दुसऱ्या कार्डावर उतरवून घ्या, पाकिटात घाला आणि अभ्यासिकेच्या कपाटात ठेवा. काही झालंच तर दहावीतलं पोट्टंही कार्ड बदलू शकतं. नागपूरला जायची किंवा माझ्यासारख्याची वाट बघायची गरज उरत नाही.

आता तुमच्या पहिल्या तक्रारीकडे, ब्राउझर अडकतो त्याकडे. १ जीबीमध्ये आजचा ब्राउझर दोन-तीन पानांतच रॅम संपवतो. कुठलीही सिस्टीम टाकली तरी ब्राउझर तोच, वेबपानं तीच. म्हणून मी पायवर ब्राउझर चालवतच नाही. पायने फाइल वाटायच्या आणि पोरांनी आपल्या फोनवर वाचायच्या. अल्पाइनवर एक छोटा वेब सर्व्हर टाकला की पाय हेच अभ्यासिकेचं आपलं इंटरनेट होतं. फोनवर त्याचा पत्ता टाकला की प्रश्नपत्रिकांची यादी समोर. नेट पॅक लागत नाही, रेंज लागत नाही. देवनागरी दाखवायचं कामही फोनच करतो, त्यामुळे पायवर फॉन्टची भानगड उरत नाही.

पायचं स्वतःचं वायफाय हॉटस्पॉट म्हणून वापरता येतं, पण माझ्या अनुभवात दहा-बारा फोनांपुढे ते अडखळतं. कोणाच्या घरी जुना राउटर पडला असेल तर तो मागून घ्या आणि केबलने पायला जोडा. वीस-पंचवीस पोरं निवांत वाचतात.

याच पायवर मराठी विकिपीडिया ऑफलाइन ठेवता येतो. किविक्स नावाचा प्रोग्राम त्यासाठीच आहे: सगळा विकिपीडिया एका फाइलमध्ये, आणि तो वाटायला एक छोटा सर्व्हर. सामान्य ज्ञानाच्या तयारीला पोरं तो खूप वापरतात. इथे अल्पाइनची एक खोच लक्षात ठेवा. अल्पाइन ‘मसल’ नावाच्या लायब्ररीवर बांधलेली आहे, उबुंटू-डेबियनसारख्या सिस्टीम ‘जीलिबसी’वर. डेबियनसाठी बनलेला तयार प्रोग्राम इथे आणून चालवला तर फाइल डोळ्यासमोर असूनही मशीन ‘नॉट फाउंड’ म्हणतं. नवखा माणूस त्यात तासन्‌तास अडकतो. फाइल सापडली नाही असा त्या निरोपाचा अर्थ नसतो. तो प्रोग्राम ज्या लायब्ररीवर उभा आहे ती सापडली नाही, एवढंच तो सांगत असतो. मसलसाठी बनवलेली प्रत घेतली की प्रश्न मिटतो.

मॉनिटर आहे आणि तो वापरायचाच असेल, तर त्यासाठी अल्पाइनवर डेस्कटॉप चढवत बसू नका. रास्पबेरी पाय ओएसचीच, जादा प्रोग्राम नसलेली डेस्कटॉप आवृत्ती घ्या आणि ‘रास्पी-कॉन्फिग’ या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये ओव्हरले फाइलसिस्टीमचा पर्याय चालू करा. मग तीही कार्डावर लिहिणं थांबवते आणि सगळे बदल रॅममध्ये ठेवते. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडण्याऐवजी मुपीडीएफसारख्या छोट्या वाचकात उघडा. फरक लगेच दिसेल. डाएटपाय ही सिस्टीमही चांगली आहे. ती लॉग रॅममध्ये ठेवते आणि मांडणी सोपी आहे, पण बाकीचं लिहिणं कार्डावर होतंच, म्हणून मेन पाडण्याच्या सवयीपुढे मी तिच्यावर एकटीवर विसंबत नाही.

फाइलींबद्दल दोन शब्द. आपल्याकडच्या जुन्या नोट्स बहुतेक कृतिदेव किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. ती वर्डची फाइल फोनवर उघडली की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथूनच तिची पीडीएफ करून आणा. फॉन्ट पीडीएफच्या आतच बसतो आणि मग कुठेही नीट दिसतं. स्कॅन केलेल्या रंगीत प्रश्नपत्रिका फार जड असतात. लॅपटॉपवर त्या काळ्या-पांढऱ्या, १५० डीपीआयच्या करून घ्या. वाचायला तेवढं पुरतं.

कार्ड खरं आहे का तेही बघा. बाजारात ६४ जीबी लिहिलेली पण आत ८ जीबीच असलेली कार्डं सर्रास मिळतात. पहिले ८ जीबी भरेपर्यंत सगळं ठीक वाटतं, नंतरचा डेटा हवेत जातो. लिनक्सवर ‘एफ३’ आणि विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ ही साधनं कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतात. नवीन कार्ड मी याशिवाय वापरत नाही.

विजेचं आता. पाय ३ रिकामा असताना दीड-दोन वॅट घेतो, चारही कोअर पळवले तर पाच-सहाच्या घरात जातो. मागणी कमी आहे, पण व्होल्टेजबाबत तो फार नाजूक. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पडद्यावर विजेचं चिन्ह येतं आणि पाय स्वतःचा वेग कमी करतो. फोनची बारीक केबल इथे घात करते. जाता-येता मिळून केबलचा रोध ०.४ ओहम असेल आणि पाय एक ॲम्पिअर ओढत असेल, तर ०.४ व्होल्ट केबलमध्येच गळतात. चार्जरकडून ५ व्होल्ट निघाले तरी पायपर्यंत ४.६ पोचतात. तुम्ही म्हणता ते अडकणं थोडंफार यामुळेही असेल. कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ‘अंडर-व्होल्टेज’ असा निरोप शोधा. दिसला तर आधी जाड, आखूड केबल आणि ५.१ व्होल्टचा अडॅप्टर घ्या, सिस्टीम नंतर बदला. आणि कुलरच्याच बोर्डात पायचा प्लग लावू नका. कुलरची मोटर सुरू होताना जो झटका ओढते, तो त्या बोर्डावर सगळ्यांना जाणवतो.

लाईन जास्त वेळ जात असेल तर १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-अवर्सची साधी लेड-ॲसिड बॅटरी आणि ५ व्होल्टचा कन्व्हर्टर एवढं पुरे. बॅटरीत ८४ वॅट-अवर्स असतात. ती जास्त दिवस टिकावी म्हणून निम्मेच वापरायचे, म्हणजे ४२. कन्व्हर्टरची गळती धरून पाय ३ वॅट घेतो असं समजा, तर १४ तास निघतात. राउटर जोडला तर तो एकटाच पायपेक्षा जास्त, ५ वॅटच्या आसपास खातो. मग पाच तास. संध्याकाळच्या अभ्यासाला तेवढे पुष्कळ झाले. कन्व्हर्टर पायला लावायच्या आधी मल्टिमीटरने ५.१ व्होल्टवर नक्की करा. हे राहिलं तर पाय क्षणात जातो.

उन्हाळ्यात उष्णतेकडे बघावंच लागतं. पायचा प्रोसेसर ८० अंशांना वेग कमी करू लागतो. साध्या खोलीत रिकामा बसलेला पाय ३ बाहेरच्यापेक्षा वीसेक अंश गरम असतो. नवतप्यात टिनाखाली दुपारी ४५ असतं. तिथे ६५ झाले. प्लास्टिकची बंद डबी आणखी दहा वाढवते, आणि त्यात थोडं काम दिलं की मर्यादा आलीच. इथे हलक्या सिस्टीमचा खरा उपयोग होतो, कारण जी काही करत नाही ती तापतही नाही. डबीचं वरचं झाकण काढा, प्रोसेसरवर छोटा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) चिकटवा आणि पाय भिंतीवर खाली, कमरेच्या उंचीवर लावा. वर टिनाजवळ हवा किती तापते ते हात वर करून बघा म्हणजे कळेल. कुलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, त्या हवेत पाण्याचे बारीक कण असतात. आणि मृग लागायच्या आधी बाहेरून आलेली कोणतीही केबल, शेजारच्या घरून ओढलेली नेटची असो की छतावरच्या अँटेनाची, काढता येईल अशी करून ठेवा. ढग गडगडले की ती आधी काढायची. वीज जवळ कुठेही पडली तरी तिचा झटका अशा तारेतून आत येतो.

घड्याळाचं राहिलं. पाय ३ मध्ये स्वतःचं घड्याळ नाही. लाईन गेली की वेळ विसरतो, आणि इंटरनेट नसेल तर जुनीच तारीख धरून बसतो. नुसत्या फाइल वाटायच्या असतील तर चालून जातं. पण पॅकेज उतरवायला गेलात की सुरक्षित जोडणी ‘प्रमाणपत्राची तारीख चुकीची’ म्हणून अडते, आणि माणूस नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो. डीएस३२३१ हे छोटं घड्याळ जोडलं की प्रश्न मिटतो. त्यातल्या स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं आणि आपण लावतो तो सीआर२०३२ सेल चार्ज करायचा नसतो. म्हणून मॉड्यूलला ५ व्होल्टऐवजी ३.३ व्होल्टच द्या.

सगळं जमलं की लोकांपुढे ठेवायच्या आधी एक परीक्षा घ्या. मी प्रत्येक ठिकाणी घेतो. पाय पूर्ण सुरू होऊ द्या, दोन फोनवर प्रश्नपत्रिका उघडा, आणि वाचन चालू असतानाच प्लग ओढा. पुन्हा लावा. असं वीस वेळा, कधी सुरू होता-होता अर्ध्यातच. वीसही वेळा तेच पान उघडलं तर ती सिस्टीम तुमच्या गावात राहू शकते. नेहमीची रास्पबेरी पाय ओएस मी ओव्हरलेशिवाय अशी तपासली तेव्हा अकराव्या वेळी ती सुरू होताना अडकली होती.

आणि रिस्क ओएसचं ते दुसरं कार्ड टाकून देऊ नका. रविवारी अभ्यासिका रिकामी असते तेव्हा ते लावा आणि संगणकाची हौस असलेल्या दोन-चार पोरांना बसवा. तिच्यात बीबीसी बेसिक ही प्रोग्रामिंगची सोपी भाषा तयारच असते. एफ १२ दाबून ‘बेसिक’ लिहिलं की चालू. दहा ओळींत पडद्यावर वर्तुळ निघतं, आणि त्याच बेसिकमधून एआरएमची असेम्ब्लीही, म्हणजे चिपला थेट आदेश देणारी भाषाही, लिहिता येते. आमच्याकडे हिंगणघाटजवळच्या एका गावात एक मुलगी दोन रविवारांत फोनमधला प्रोसेसर बेरीज कशी करतो ते स्वतः लिहून बघत होती. तिसऱ्या रविवारी ती तिच्या बाबांना घेऊन आली आणि त्यांना माउसचं मधलं बटण दाबायला शिकवू लागली.